झोपायचं सोपं आहे हो, उठायचं काय? मोटरवाला बेड आणि लिफ्ट रिक्लायनर, दीड वर्षाच्या वापरानंतर

बाबांना खुर्चीतून उठायला तीन झोके लागायचे. एक, दोन आणि तिसऱ्याला हातांवर जोर देऊन उभे, आणि तिसऱ्यालाही नाही जमलं की मग "अगं जरा हात दे गं" अशी हाक, आणि ती मारायला त्यांना किती जिवावर यायचं ते आवाजावरूनच कळायचं. वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले, त्यात रात्री आडवं झालं की छातीत जळजळ. म्हणून उशांची चळत. तीन डोक्याखाली, एक पाठीखाली, आणि सकाळी बघावं तर निम्म्या उशा जमिनीवर आणि बाबा मान वाकडी करून गादीच्या मधोमध घसरलेले. असं करत करत शेवटी एक मोटरवाला ॲडजस्टेबल बेड आणि एक उभं करणारी रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे कलणारी आणि पाय वर घेणारी खुर्ची घरात आली, दोन्हीला आता दीड वर्ष होतंय. खरं तर खुर्च्या दोन आल्या, पहिली परत गेली. आधी तिचंच सांगते कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली.

पहिली खुर्ची शोरूममध्ये बघितली तेव्हा आम्ही सगळेच भुललो. मसाज, गरम पाठ, मोबाईल चार्जिंग, ग्लास ठेवायला गोल खाच, आणि फोम एवढा मऊ की बसलं की आत आतच जायचं. बाबा बसले, हसले, विक्रेत्याने बटण दाबलं, पाय वर गेले, सगळे खूश. मी मात्र खुर्ची सरळ झाल्यावर त्यांच्या पायांकडे बघत होते, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, नुसते चवडे. मी म्हटलं हे असं कसं, तर तो म्हणाला "सवय होईल हो काकांना". आणि मी ऐकलं! अजून स्वतःवर चिडते मी.

सवय बिवय काही होत नाही. टाच टेकत नसेल तर माणूस उठताना जोर कुठून लावणार? घरी आल्यावर लक्षात आलं की बैठक पुढेमागे पण लांब आहे, म्हणजे पाठ टेकवली की गुडघे बैठकीच्या कडेवर आणि गुडघे नीट वाकवले की पाठ अधांतरी. मग पाठीमागे उशी घातली, तर खुर्चीचा डोकं टेकायचा फुगवटा मानेऐवजी डोक्याच्या वरच्या बाजूला लागायला लागला आणि मान पुढे ढकलली गेली. हाताचे टेकू इतके जाडजूड की त्यांच्या मुठीत काही येईना. आणि फोम मऊ म्हणजे बूड खाली, गुडघे वर, मग त्यातून उठणं म्हणजे खड्ड्यातून बाहेर येणं. तीन झोक्यांचे पाच झोके झाले. आगीतून फुफाट्यात. आठ दिवसांनी परत दिली, त्यात वाहतुकीचे पैसे कापले गेले आणि वर "पण मॉडेल तर चांगलंय" हे ऐकावं लागलं. मॉडेल चांगलंच होतं हो, पण ते सहा फुटी माणसासाठी, बाबा सव्वापाच फूट.

त्यानंतर मी टेप घेऊन बसले. घरातल्या साध्या लाकडी खुर्चीवर बाबांना बसवलं, पायात घरात घालतात त्याच चपला, पाऊल पूर्ण टेकलेलं, गुडघा काटकोनात. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंत मोजलं, ते आलं ४२ सेंमी, आणि परत दिलेल्या खुर्चीची बैठक होती ४९. मग पाठीपासून गुडघ्याच्या खळग्यापर्यंत मोजलं, ते ४७, त्यातून दोनतीन बोटं जागा सुटायला हवी म्हणजे बैठकीची खोली साधारण ४२-४३ पाहिजे, आणि ती होती ५६. हे दोन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवले आणि पुढच्या दुकानात मसाजबिसाज बघायच्या आधी टेप काढली. एक लक्षात ठेवा, फोम दबतो, त्यामुळे कॅटलॉगमधला आकडा आणि माणूस बसल्यावरचा आकडा वेगळा असतो, तेव्हा ज्याला वापरायची त्यालाच बसवून मोजा. मुलगा बसून बघतो, सून बसून बघते आणि वापरणार आजी, असं नको. आणि हो, माप एकाचं दुसऱ्याला चालत नाही, खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना बऱ्याचदा मुद्दाम उंच बैठक सांगतात कारण खुबा जास्त वाकवायचा नसतो, तेव्हा तिथे डॉक्टरला किंवा फिजिओला विचारूनच.

आता प्रकारांचं. हाताच्या खटक्याने किंवा पाठीने रेटून उघडणारी रिक्लायनर असते ना, ती स्वस्त असते आणि बिघडायला त्यात फारसं काही नसतं, पण एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. ती उघडते सहज, बंद करायला मात्र पोटऱ्यांनी फुटरेस्ट, म्हणजे पाय ठेवायचा पुढचा भाग, खाली दाबावा लागतो, आणि तो दाब बऱ्यापैकी असतो. गुडघे दुखणारा माणूस त्यात अडकून पडतो, अक्षरशः. माझ्या मावसबहिणीकडे तशी आहे, काका पाय वर करून बसतात आणि उतरायची वेळ आली की कोणाची तरी वाट बघतात. तरुण माणसाला टीव्ही बघायला हवी असेल तर बिनधास्त घ्या. उठबस अवघड झालेल्याला नको म्हणजे नको.

मोटरवालीत परत दोन तऱ्हा. साधी पॉवर रिक्लायनर फक्त मागे जाते. लिफ्ट रिक्लायनर मागे तर जातेच, पण उठताना अख्खी खुर्ची खालच्या सांगाड्यावरून पुढे कलते आणि माणसाला जवळजवळ उभा करून देते. आम्हाला हीच पाहिजे होती. त्यात एक मोटर की दोन हा प्रश्न येतो, आणि मी म्हणेन जमत असेल तर दोनच. एका मोटरमध्ये पाय आणि पाठ एकमेकांना बांधलेले असतात, आधी पाय वर जाणार मग पाठ मागे, तुम्हाला पाय खाली ठेवून नुसती पाठ कलती करायची असेल तर जमत नाही. दोन मोटरीत दोन्ही वेगळं चालतं. बाबांना पाय वर आणि पाठ सरळ लागते कारण पेपर वाचायचा असतो, आई बसली की बरोबर उलटं.

बसायच्या कापडाबद्दल पण एक. चकचकीत रेक्झिन पुसायला सोपं, पण खुर्ची पुढे कलली की त्यावरून माणूस घसरतो आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात. आम्ही जरा खरबरीत कापड घेतलं, डाग पडतात, चालतंय.

लिफ्ट कशी वापरायची हे पण शिकावं लागतं हे मला माहीत नव्हतं. सुरुवातीला बाबा बटण शेवटपर्यंत दाबून ठेवायचे आणि खुर्ची त्यांना जवळजवळ ढकलून द्यायची, एकदा तर पुढच्या टेबलावर हात टेकून सावरले. मग फिजिओने दाखवलं. पावलं मागे, खुर्चीच्या जवळ, अंग पुढे इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर यावं, लिफ्ट जरुरीपुरती वर घ्यायची आणि उरलेलं काम पायांनी करायचं. तिने बजावलं की सगळं मोटरला करू दिलंत तर मांड्यांत आहे तो जोर पण जाईल. आता बाबा अर्ध्यावर थांबवतात, एक श्वास, आणि उभे. चांगल्या दिवशी तर पाव भागातच उठतात आणि मग माझ्याकडे बघतात, बघितलंस का म्हणून.

जागेचं मोजमाप विसरू नका. साधी रिक्लायनर मागे आडवी होताना भिंतीला आपटते, भिंतीपासून बरंच अंतर ठेवावं लागतं. काही खुर्च्या मागे जाताना आधी पुढे सरकतात, त्यांना भिंतीपासून थोडीच जागा लागते, खोली लहान असेल तर तीच विचारा. पूर्ण उघडलेली लांबी जमिनीवर खडूने आखून बघा, मगच पैसे द्या. दाराची रुंदी पण! बऱ्याच खुर्च्यांची पाठ वेगळी निघते, पण सगळ्यांची नाही.

आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हे नीट वाचा. फुटरेस्ट वर गेला की बैठक आणि फुटरेस्टच्या मधे मोठी फट होते आणि खाली लोखंडी कात्रीसारखा सांगाडा असतो. माझा भाचा चेंडू काढायला तिथे हात घालून बसला होता आणि बाबांचा अंगठा बटणावर, नशीब मी बघितलं, पोटात गोळाच आला माझ्या. तेव्हापासून बटण दाबायच्या आधी खाली बघायचं हा नियम, आणि मुलं आली की खुर्चीचा प्लग काढलेला.

गंमत म्हणजे ही खुर्ची मुळात घरातली नव्हतीच. १९२८ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या मनरो गावात एडवर्ड नाबुश आणि एडविन शूमेकर या दोन चुलतभावांनी लाकडी पट्ट्यांची कलती खुर्ची केली ती व्हरांड्यात बसायला, गादीबिदी काही नाही, गादी नंतर आली आणि त्यातूनच लेझीबॉय कंपनी मोठी झाली.

बेडचा इतिहास जरा गंभीर आहे. १९०९ च्या सुमाराला विलिस गॅच नावाच्या अमेरिकन सर्जनने तीन भागांत दुमडणारा, हँडल फिरवून वरखाली होणारा पलंग केला, पेशंटची पाठ आणि गुडघे वेगवेगळे उचलता यावेत म्हणून. तिकडे बेडच्या गुडघ्याकडच्या भागाला अजून गॅच म्हणतात. आपल्या घरी येतो तो त्याचाच नातू, हँडलच्या जागी मोटर आणि अंगावर छान कापड.

बेड घ्यायच्या आधी एक प्रामाणिक गोष्ट सांगते, नुसती जळजळ असेल तर एवढा खर्च करू नका. डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंमी उचलली की बऱ्याच जणांना फरक पडतो, आणि ते काम साध्या पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली भक्कम ठोकळे ठेवून किंवा पाठीखालच्या उतरत्या फोमच्या पाचरीने होतं. उशांच्या चळतीने होत नाही, कारण उशांनी फक्त मान आणि खांदे वाकतात, पोट दाबलं जातं आणि आम्ल उलट जास्त वर येतं. आम्ही दोन वर्षं उशाच वाढवत होतो. आणि आडवं झाल्यावर श्वास लागतो म्हणून उशा वाढवाव्या लागत असतील किंवा पाय अचानक सुजत असतील तर फर्निचरच्या दुकानात नाही, आधी डॉक्टरकडे जा.

बाबांचं दोन्ही होतं, जळजळ पण आणि अंथरुणातून उठणं पण, म्हणून बेड घेतला. पाठ वर केली की अर्धं उठणं झालंच, मग पाय बाजूला सोडायचे. हे अप्रतिम चालतं. जिथे घोडं अडलं ती उंची. सांगाडा, त्यावर २५ सेंमीची गादी, सगळं मिळून ६४ सेंमी, आणि बाबांचे पाय पुन्हा अधांतरी! खुर्चीला मोजलं आणि बेडला मोजायचं विसरले, आता काय म्हणावं मला. सुदैवाने बेडचे पाय तुकड्यातुकड्यांचे होते, फिरवून एक एक तुकडा काढता आला, बेड खाली आला. घरच्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच ॲडजस्टेबल बेडमध्ये फक्त डोकं आणि पाय हलतात, अख्खा बेड वरखाली होत नाही, तो प्रकार हॉस्पिटलछाप होमकेअर बेडमध्ये मिळतो. दिसायला तो रुक्ष असतो, पण माणूस बराच वेळ अंथरुणात असेल, अंग पुसायचं, कपडे बदलायचे असतील तर तोच घ्या, कारण वाकून वाकून कंबर सेवा करणाऱ्याची जाते.

वापरायची पण एक रीत आहे. आधी गुडघे थोडे वर, मग पाठ. उलटं केलं की माणूस हळूहळू पायथ्याकडे घसरतो. आणि कंबर बरोबर बेड दुमडतो तिथे यायला हवी. बाबा झोपायचे खाली सरकून, मग बेड कमरेत दुमडायच्या ऐवजी बरगड्यांपाशी दुमडायचा, पोट दाबलं जायचं, आणि "या बेडने काही होत नाही" असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी मी गादीच्या कडेला, जिथे घडी पडते तिथे, लाल दोऱ्याचे चार जाड टाके घातले. बाबा आता बसताना हाताने टाके चाचपतात आणि बरोबर तिथेच बूड टेकवतात. या चार टाक्यांनी जेवढं काम केलं तेवढं रिमोटवरच्या निम्म्या बटणांनी नाही केलं.

जो माणूस दिवसभर अंथरुणातच असतो त्याची पाठ तासन् तास ३० अंशांच्या वर ठेवू नये असं नर्सने सांगितलं होतं. शरीर खाली घसरत राहतं, कातडी चादरीला चिकटून जागेवर, आणि माकडहाडापाशी ओढ बसून जखमा होतात. बेड मोटरवाला आहे म्हणून कूस बदलायची चुकत नाही.

आता रिमोटवरच्या त्या झिरो ग्रॅव्हिटी, म्हणजे शून्य गुरुत्वाकर्षण, बटणाबद्दल, ते दाबलं की पाठ आणि गुडघे दोन्ही वर येतात. नाव भारी आहे. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांचं निरीक्षण करताना दिसलं होतं की वजन नसलं की शरीर आपोआप खुबे आणि गुडघे अर्धवट वाकवून तरंगतं, जाहिरातवाले त्याचाच धागा पकडतात. बेडवर तुमचं वजन असतं तेवढंच असतं, फक्त पाठ आणि गुडघे वर आल्याने कंबरेचा ताण कमी वाटतो. दर कंपनीचा कोन वेगळा. बाबांना आवडतं, दुपारी रोज लावतात आणि घोरतात, म्हणून तक्रार नाही. पण त्या एका नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

आईबाबा एकाच खोलीत, म्हणून आम्ही दोन वेगळे सांगाडे शेजारी शेजारी लावले, प्रत्येकाचा रिमोट वेगळा. पहिल्या आठवड्यात रात्री दोनला आईची किंकाळी, बाबांनी अंधारात तिचा रिमोट दाबला होता आणि तिचे पाय आपोआप वर निघाले होते. आता एका रिमोटला पिवळी चिकटपट्टी आहे. मधली फट मात्र राहतेच, आई तिला दरी म्हणते. पूर्ण पलंगभर एकच गादी घेतली तर फट नाही, पण मग एकाला उठायचं तर दोघं उठणार.

गादी वेगळी घ्यावी लागली. एकमेकांत गुंतलेल्या स्प्रिंगची जुनी गादी नीट दुमडत नाही, मधे कमान करून उभी राहते. फोम, लॅटेक्स किंवा सुट्या कप्प्यांतल्या स्प्रिंगची चालते. कड जरा घट्ट बघा, कारण म्हातारं माणूस उठण्याआधी कडेवरच बसतं आणि कड दबली की सरळ खाली. चादर चारी कोपऱ्यांना इलॅस्टिकवाली, नाहीतर रोज सकाळी चादर एकीकडे आणि गादी एकीकडे.

सगळ्यात मोठी तक्रार आता. एका रात्री लाइट गेली तेव्हा बाबांची पाठ चांगली वर होती आणि पाय पण वर, म्हणजे इंग्रजी व्हीसारखे अडकलेले. कागदावर लिहिलं होतं की बॅटरी बॅकअप आहे, लाइट गेली तरी बेड सपाट करता येतो. मी बेडखाली टॉर्च घेऊन सरपटले, डबी सापडली, उघडली, तर आत खाच आहे आणि बॅटऱ्या नाहीतच! नऊ व्होल्टच्या दोन लागतात, त्या आपण आणायच्या असतात, हे बेड जोडायला आलेल्या माणसाने सांगितलं नव्हतं. पाऊण तास बाबा तसेच, मी आणि भावाने धरून काढलं त्यांना. दुसऱ्या दिवशी फोन केला तर कस्टमर केअर म्हणे मॅन्युअलच्या पान अमुकवर आहे. तेव्हा जोडणारा माणूस घरात असतानाच प्लग काढायला लावा आणि बेड सपाट करून दाखव म्हणा. खुर्चीचं पण तेच करा.

बेडच्या बाजूंना लावायच्या कठड्यांचा मोह आम्हाला पण झाला होता. पण धडपडणारा माणूस कठड्यावरून चढून उतरायला जातो आणि जास्त उंचावरून पडतो, शिवाय कठडा आणि गादीच्या फटीत डोकं अडकायचा धोका असतो, अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००६ मध्ये हॉस्पिटल बेडच्या फटींची मापं सांगितली त्यात डोकं जाऊ शकेल अशी फट १२ सेंमीच्या आतच हवी असं आहे. आम्ही कठडा न लावता उठायच्या जागी एक आखूड पकडायचा दांडा लावला, गादीला घट्ट टेकून.

वॉरंटी वाचताना सांगाड्याची वेगळी, मोटरची वेगळी, रिमोटची वेगळी असते हे बघा, मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा सांगाड्याचा असतो आणि बिघडतात मोटर आणि रिमोट. वजनाची मर्यादा गादीसकट की गादी सोडून ते विचारा. रिमोट वायरचाच बरा, अंथरुणात हरवत नाही, आणि बटणं मोठी, बोटांना उंचसखल लागणारी हवीत. आमच्या बेडचा रिमोट सपाट आहे, अंधारात बाबांना एक बटण कळत नाही. वायरी पायात येणार नाहीत अशा भिंतीकडून न्या.

खुर्चीला, म्हणजे दुसऱ्या, पाचापैकी साडेचार. बेडला साडेतीन, बॅटरीचा अर्धा आणि रिमोटचा एक कापून. बाबांची हाक अजून येते, पण आता ती "रिमोट खाली पडलाय गं" अशी असते, त्यावर उपाय म्हणून वायरीला चिमटा लावून चादरीला अडकवला होता, तो पण परवा तुटला.